जयपुरी मिन्याचे कलमदान आणि बर्डवुडचा कलाविचार

लेखनसाधनांचा विचार दोन शास्त्रांच्या सीमेवर पडतो आणि म्हणूनच तो बहुधा कोणत्याच शास्त्राच्या वाट्याला नीट येत नाही. लिपिशास्त्राचा अभ्यासक अक्षराचे वळण पाहतो. ते ज्या बोरूने काढले त्या बोरूपर्यंत तो क्वचित जातो, दौतीपर्यंत तर जातच नाही. उलट कलेतिहासकार दौतीपर्यंत येतो खरा, परंतु तिच्या बाह्यांगावरील वेलबुट्टीपाशीच थांबतो. झाकण उघडून आत शाई कोठे राहत होती आणि लेखणी कोठे विसावत होती, हे पाहण्याची त्यास गरज भासत नाही. सोन्यावर मिना चढविलेल्या कलमदानांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते, कारण त्यांचे बाह्यांगच इतके दिपवून टाकणारे असते की आतल्या गोष्टीची आठवण राहू नये. अशाच एका कलमदानाच्या निमित्ताने, आणि त्याच्यावर शतकाहून अधिक काळ जे लिहिले गेले त्याच्या आधारे, येथे थोडा विचार करावयाचा आहे.

इंग्लंडचे युवराज आल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढे सातवे एडवर्ड म्हणून गादीवर आलेले राजे, ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबई बंदरात उतरले आणि मार्च १८७६ पर्यंत हिंदुस्थानभर हिंडले. या प्रवासात संस्थानिकांनी त्यांस दिलेल्या नजराण्यांमध्ये शस्त्रे, वस्त्रे, पानदाने, अत्तरदाने अशा नाना वस्तू होत्या. त्यांपैकी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी दिलेले कलमदान आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्याचा आकार मोरपंखी नावेचा आहे. नावेच्या एका टोकाशी मोर असून त्याचा पिसारा निळ्या-हिरव्या मिन्याने झळकत नावेच्या अंगाखालून पसरत गेला आहे. वर छत्री आहे आणि त्या छत्रीखाली दौत दडविलेली आहे. सोने, मिना, हिरे, नीलमणी आणि मोती एवढे सारे या एका वस्तूत एकत्र आले आहे. नजराणा काशीचा असला तरी काम जयपूरचे आहे.

जानेवारी १८७६ मध्ये युवराज काशीस गेले, तेव्हा गंगेतून नावेने रामनगरच्या किल्ल्यात त्यांचे जाणे झाले. त्या नौकाप्रवासाचे स्मारक म्हणून हा आकार योजला, असे या वस्तूकडे पाहताना सहज वाटते. परंतु असे काम दोन-चार दिवसांत उरकणारे नव्हे. जो नजराणा पाहुणा असतानाच त्याच्या हाती द्यावयाचा, तो पाहुणा येण्याच्या पुष्कळ आधी जयपूरच्या भट्टीत गेलेला असला पाहिजे. म्हणजे प्रसंग घडण्यापूर्वीच त्याची आठवण घडवून ठेवलेली होती. दरबारी कलेचा हा एक स्वभावच आहे आणि त्यात खोटेपणा शोधण्याचे कारण नाही. मात्र स्मारक, आलंकारिक वस्तू आणि लेखनसाधन या तीन भूमिका एकाच वस्तूवर लादल्या गेल्या म्हणजे तिसरीवर काय प्रसंग येतो, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

या प्रश्नाची चर्चा सर जॉर्ज बर्डवुड यांच्या लेखनापासून सुरू करावी लागते. बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगाव येथे झाला. वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईस आले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि पुढे भायखळ्याच्या बागेतील नव्या इमारतीत गेलेल्या मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची उभारणी डॉ. भाऊ दाजी व जगन्नाथ शंकरशेट यांच्या सहकार्याने केली. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध असा जन्माचा आणि कर्माचाही होता. १८६८ साली ते इंग्लंडला परत गेले आणि तेथे भारतीय हस्तव्यवसायांवरील अधिकारी पुरुष म्हणून त्यांची ख्याती झाली. युवराजांना मिळालेले नजराणे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा त्यांची पुस्तिका बर्डवुड यांनी लिहिली आणि तिचाच विस्तार होऊन १८८० साली ‘द इंडस्ट्रियल आर्ट्‌स ऑफ इंडिया’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. त्या ग्रंथात जयपुरी मिन्याचे वर्णन करताना त्यांनी जयपूरच्या महाराजांनी दिलेल्या मोठ्या तबकाचा आणि नौकाकृती कलमदानाचा गौरव केला आहे. मोराच्या पिसाऱ्यावरील मिना प्रत्यक्ष मोरपिसाहून तेजस्वी आहे, असा त्यांचा अभिप्राय.

अभिप्राय चुकीचा नाही. परंतु त्या वर्णनातून शाई, लेखणी आणि लिहिणारा हात हे तिन्ही जवळजवळ गळाले आहेत. दौतीचा उल्लेख येतो तो तिच्यावरील छत्रीचे रंग सांगण्यापुरता. बर्डवुड यांची दृष्टी सूक्ष्म होती, पण तिची दिशा ठरलेली होती. भारतात अलंकरणाची परंपरा अत्यंत श्रेष्ठ आहे, तिचे मूळ गावगाड्यात आणि वंशपरंपरागत कारागिरीत आहे आणि यंत्राच्या आघातापासून ती जपली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनातील करुणा आदरणीय आहे. तथापि जयपुरी मिना हे त्याचे उदाहरण होऊ शकत नाही. ही कला खेड्यात जन्मली नाही आणि खेड्यासाठी जन्मली नाही. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त राजदरबाराच्या कारागिरांमध्ये मीनाकाराची नोंद आहे. आंबेरच्या राजा मानसिंहाने लाहोरहून शीख मीनाकार आणून वसविले, ही जयपूरची परंपरागत कथा होय. तिचा तपशील कसाही असो, जयपूरचे मीनाकार आपले मूळ लाहोरला जोडीत आणि रंगांसाठीही लाहोरकडेच पाहत. तेथील मणिहार, म्हणजे बांगड्या करणारे मुसलमान कारागीर, रंगीत काचेचे अपारदर्शक गोळे तयार करीत आणि ते जयपुरास येत. निळ्या रंगासाठी मात्र खेतडीच्या खाणींतील कोबाल्टचे खनिज जवळच उपलब्ध होते. दूरच्या शहरातील काच, राज्यातील खाण, दरबारचे सोने आणि पिढ्यान्‌पिढ्या आश्रय देणारे राजघराणे अशा सामग्रीवर उभी राहिलेली कला ही नगराची आणि सत्तेची कला आहे. बर्डवुड यांनी तिला गावगाड्याच्या चित्रात बसविले, तेव्हा तिच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग बाहेर राहिला.

येथे तंत्राचा थोडा विस्तार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेपोर इनॅमल्स’ या ग्रंथात सॅम्युअल स्विंटन जेकब आणि टॉमस होल्बाइन हेंडली यांनी त्याचे वर्णन दिले आहे. जेकब हे संस्थानचे अभियंते आणि जयपूरच्या आल्बर्ट हॉलचे स्थापत्यकार, तर हेंडली हे तेथील शल्यचिकित्सक आणि वस्तुसंग्रहालयाचे कर्ते. दोघांनीही कारखाने डोळ्यांनी पाहिलेले होते. एक वस्तू अनेक हातांतून जात असे. सोनार तिचा आकार घडवी, चितारी नक्षी रेखी, कोरक्या त्या नक्षीप्रमाणे सोन्याचा पृष्ठभाग खोदून खळगे पाडी आणि मग ती मीनाकाराकडे येई. मीनाकार काचेची भुकटी पाण्यात कालवून त्या खळग्यांत भरी आणि वस्तू भट्टीत घाली. सर्व रंग एकाच वेळी भाजता येत नाहीत, कारण प्रत्येकाची आच सोसण्याची शक्ती निराळी. म्हणून सर्वाधिक आच सोसणारा पांढरा प्रथम, मग निळा, हिरवा, काळा आणि सर्वांत शेवटी लाल, असा क्रम असे. लालाची कसोटी अखेरच्या आचेत लागे. ती जरा चुकली की रंग मळतो आणि आधीच्या साऱ्या भट्ट्यांचे श्रम वाया जातात. जयपुरी लालाची कीर्ती केवळ छटेची नव्हे. ती शेवटच्या क्षणी हात न चुकण्याची कीर्ती आहे. भाजून झाल्यावर कुरुंदाने घासून पृष्ठभाग सपाट करीत आणि चिंचेसारख्या आंबट फळाच्या पाण्याने सोने उजळीत.

धातूचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. शुद्ध सोने सर्व रंग धरते. चांदीवर काही मोजकेच रंग बसतात. तांब्यावर तर पांढरा, काळा आणि गुलाबी एवढेच साधतात, असे हेंडलींनी नोंदविले आहे. म्हणून जयपुरी मिन्यात सोने वापरले जाते ते निव्वळ ऐश्वर्य दाखविण्यासाठी नव्हे. लाल आणि हिरवा एकत्र हवे असतील तर सोन्यावाचून गत्यंतर नाही. ऐश्वर्य हा येथे रसायनाचा परिणाम आहे, आणि ही गोष्ट ध्यानात न घेता संस्थानिकांच्या उधळपट्टीवर टीका करणारे लेखक अर्धवट बोलतात.

आणखी एक बारकावा असा की कोरक्या खळग्याचा तळ गुळगुळीत ठेवीत नाही. तो त्यात बारीक रेघांची जाळी काढतो. त्यामुळे मिना पक्का धरतोच, पण पारदर्शक रंगाखालून प्रकाश निरनिराळ्या कोनांतून उलटतो आणि एकच हिरवा कोठे गडद, कोठे उजळ दिसू लागतो. मोरपिसाऱ्यावरील जे तेज बर्डवुड यांना निसर्गाहून वरचढ वाटले, ते या रेघांचे तेज आहे. युरोपातही याच तत्त्वावर काम झाले. रशियात फाबेर्जेच्या कारखान्यांत घड्याळे, कलमे ठेवण्याची घोडी, घंटेची बटणे अशा मेजावरील कितीतरी वस्तूंवर पारदर्शक मिना चढविला गेला. परंतु तेथे तळाच्या रेघा यंत्राने काढीत. त्या रेघा गणिती शिस्तीने फिरतात आणि मिना रेशमी कापडासारखा दिसतो. जयपूरच्या रेघा हाताच्या असल्याने त्यांत लय असते, पण बिनचूकपणा नसतो. दोहोंत श्रेष्ठ कोण हा वाद निष्फळ होय. हाताची रेघ पान, पीस आणि पाकळी यांच्या वळणाने वाकू शकते, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

आता कलमदानाकडे. हा शब्द मराठीने फारसीतून घेतला आणि दौत हा शब्द अरबी ‘दवात’पासून आला. इराणातील बहुसंख्य कलमदाने कागदाच्या लगद्याची, वर रंगीत चित्रे काढून रोगण दिलेली असत. हिंदुस्थानात पितळ, तांबे, चांदी यांना अधिक पसंती होती. कारकुनाचे नेहमीचे कलमदान म्हणजे एक लांबट, अरुंद पेटी आणि तिच्या एका टोकास जडविलेली लहानशी दौत. ती शेल्यात किंवा कमरबंदात खोवता येई. या रचनेला कारण होते. लिहिणारा जमिनीवर मांडी घालून बसे आणि कागद गुडघ्यावर किंवा बैठ्या फळीवर घेई. त्याच्याजवळ मेज नव्हते. साधनांनी त्याच्या अंगाशी राहावे, हीच अपेक्षा होती. दौतीचे तोंड रुंद असे, कारण आत शाईत भिजलेला रेशमाचा किंवा कापसाचा बोळा ठेवीत. बोरू त्या बोळ्यावर टेकविला की हवी तेवढीच शाई लागे आणि ठिपका पडत नसे. काजळ आणि डिंक यांची शाई खाली बसू लागली तर ती ढवळण्यासही हे रुंद तोंडच उपयोगी पडे.

अंगाशी राहणारी ही वस्तू अधिकाराचे चिन्ह झाली, यात नवल नाही. मोगल दरबारात वजिराला पद देताना वस्त्रांबरोबर रत्नजडित दौत-कलमदान देण्याची रीत होती. तलवार जशी सेनापतीच्या कमरेस, तसे कलमदान वजिराच्या कमरेस. मराठी राज्यात चिटणीस, फडणीस या पदांचा सारा डोलारा लेखणीवर उभा होता आणि मोडीच्या शीघ्र वळणाला उत्तम तासलेला बोरू हवा होता. रत्नजडित कलमदानाचा अर्थ या संदर्भातच लागतो. त्याच्यावरील माणिक-पाचू हे लेखणीला दिलेल्या अधिकाराचे माणिक-पाचू असत. अलंकरण उपयोगाच्या विरोधात नव्हते; उपयोगाची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी ते येत असे.

मराठी वाचकाला याच संदर्भात ‘दासबोधा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या ग्रंथाच्या १९व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. चांगले अक्षर कसे असावे हे सांगतानाच समर्थ देशोदेशीचे बोरू, टाक तोडण्याची हत्यारे, हिंगूळ, शाई यांच्या संग्रहाचा विचार करतात. साधने नाना जिनसांची असावीत, असा त्यांचा आग्रह आहे. नानाविधतेचा हा हव्यास दरबारी हौसेहून निराळा आहे, कारण येथे प्रत्येक जिन्नस अखेर अक्षराशी येऊन मिळतो. लेखनसाधनांच्या समीक्षेला एक देशी कसोटी हवी असेल तर ती या समासात तयार आहे. वस्तू सुंदर आहे काय, हा प्रश्न त्या कसोटीने नाकारला जात नाही. तिने अक्षर सुधारते काय, हा प्रश्न मात्र आधी विचारला जातो.

त्या कसोटीवर काशीचा नजराणा लावून पाहावा. नावेचे भाग उचलले की आत दोन दौती, चाकू, कात्री आणि लेखणीची दोन टोके आहेत. हा छोटासा संच फार बोलका आहे. चाकू बोरू तासण्यासाठी आणि कात्री कागद कातरण्यासाठी. या दोन वस्तू जुन्या लेखकाच्या सरंजामातील आहेत. टोके मात्र नव्या काळाची. ज्याच्या लेखणीस तयार टोक बसविलेले आहे त्याला तासण्याच्या चाकूचे प्रयोजन उरत नाही. एकाच नावेत दोन लेखनपद्धती बसविल्या आहेत आणि त्या एकमेकींना निरुपयोगी ठरवीत आहेत. शिवाय नाव कमरेस खोवता येत नाही. तिला मेज हवे. ती पाहणाऱ्याच्या समोर, थोड्या अंतरावर, स्थिर राहणार. कमरेवरून मेजावर झालेले हे स्थलांतर म्हणजे कलमदानाच्या इतिहासातील मोठी घटना होय, आणि बर्डवुड, हेंडली यांच्यापैकी कोणीही तिच्याकडे लक्ष दिलेले नाही. कलमदान वजिराला दिले जाई तेव्हा देणारा राजा असे आणि घेणारा त्याचा सेवक. घेण्याबरोबर लिहिण्याची जबाबदारी येई. १८७६ मध्ये देणारा राजा मांडलिक होता आणि घेणारा सार्वभौम सत्तेचा वारस. ज्याच्या नावाने हुकूम निघणार, पण जो स्वतः त्या दौतीत लेखणी बुडवणार नाही, त्याच्या हाती कलमदान गेले. अधिकाराचे जुने चिन्ह उलट्या दिशेने वाहू लागले, आणि त्याने नावेचा आकार घ्यावा हा योगायोगही अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

म्हणून या वस्तूला सदोष कलमदान ठरवून मोकळे होणे न्याय्य होणार नाही. लेखनसाधन म्हणून ती फसलेली आहे, हे स्पष्ट आहे. परंतु मिनाकामाच्या दृष्टीने पाहता नावेचा आकार कारागिराला वरदान ठरला. लांबट पेटीच्या सपाट बाजूंवर मिना बहुतांशी चित्रासारखा बसतो. नावेचे अंग सर्व बाजूंनी वळणारे, मोराची मान उंचावलेली, पिसारा खाली उतरणारा. अशा वक्र पृष्ठावर खळगे कोरणे, त्यांत ओली भुकटी टिकविणे आणि भट्टीत ती ओघळू न देणे हे काम सपाटीच्या कितीतरी पट अवघड. ज्या कारागिराने ते केले त्याचे नाव वस्तूवर मिरविलेले नाही. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव मात्र प्रत्येक यादीत आहे.

काशीनरेशांनी हे काम जयपूरकडे का सोपवावे, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. काशीस मिनाकाम अपरिचित नव्हते. पांढऱ्या भूमीवर गुलाबी फुले रंगविण्याची तेथील शैली आजही ‘गुलाबी मीनाकारी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तरीही राजनजराण्यासाठी जयपूर निवडले गेले, याचा अर्थ १८७० नंतर जयपुरी मिना ही एका संस्थानची कला राहिली नव्हती. इंग्रज पाहुण्याच्या नजरेस भारतीय वैभव म्हणून जे दाखवावयाचे त्याचे ते मान्यताप्राप्त रूप बनले होते. हेंडली आणि जेकब यांच्या ग्रंथातील रंगीत पृष्ठांनी या मान्यतेवर शिक्कामोर्तब केले. तो ग्रंथ अत्यंत उपयुक्त आहे. तंत्राची अशी विश्वसनीय नोंद त्यापूर्वी नव्हती. पण त्यात वस्तूंपासून नक्षी सुटी केली गेली. कलमदानावरील फूल आणि तलवारीच्या मुठीवरील फूल शेजारी शेजारी छापले की दोहोंतील फरक पुसला जातो आणि फूल तेवढे उरते. नमुन्यांची पुस्तके नेहमी हेच करतात.

बर्डवुड यांच्या भूमिकेचे टोक पुढे १९१० साली दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌समध्ये त्या वर्षी जानेवारीत त्यांनी भारतात ललितकला अशी नाहीच, असे म्हणून ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली. त्यावर वादळ उठले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. हा प्रसंग मूर्तिकलेच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. कलमदानाच्या इतिहासातही तो सांगितला पाहिजे, कारण मूर्तीत अर्थ न दिसणे आणि कलमदानात फक्त नक्षी दिसणे या एकाच दृष्टीच्या दोन बाजू आहेत. ज्याला अलंकरणापलीकडे काही मागावयाचे नसते त्याला मोराच्या पिसाऱ्यात पूर्ण समाधान मिळते, आणि बुद्धाच्या मांडीवर अलंकरण नाही म्हणून तो रिकाम्या हाताने परततो. आनंद कुमारस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी मूर्तीची बाजू समर्थपणे मांडली. दौत, पानदान, अडकित्ता यांची बाजू मांडणारे मात्र फार थोडे निघाले. या वस्तू विजयी पक्षाच्या दृष्टीनेही दुय्यमच राहिल्या.

युवराजांच्या नजराण्यांचे प्रदर्शन २०१७-१८ मध्ये ब्रॅडफर्ड, लेस्टर, एडिनबरो आणि लंडन येथे पुन्हा भरविण्यात आले. या वेळच्या मांडणीत नजराण्यामागील राजकारणाची आणि देवघेवीची चर्चा अधिक मोकळेपणाने झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. नावेच्या आत काय आहे याचीही नोंद संग्रहाच्या वर्णनात दिलेली आहे. संग्रहालयांनी आणखी एक पाऊल पुढे टाकून अशा प्रत्येक कलमदानाच्या दौतीच्या तोंडाचा व्यास, तिचे आतले अस्तर आणि शाईचे डाग यांची मोजणी वर्णनात द्यावी. रुंद तोंडाची दौत बोळ्याची आणि बोरूची. अरुंद तोंडाची दौत पातळ शाईची आणि टोकाच्या लेखणीची. एवढ्या एका मापावरून वस्तू कोणत्या हातासाठी घडविली गेली ते कळू शकते, आणि ते माप हिरे-माणकांच्या वजनाइतक्याच काळजीने लिहून ठेवण्यास काही हरकत नाही.